हुशार पोरांना आपण ऑप्शनला टाकलंय

स्कॉलरशिपची परीक्षा पाचवी-आठवीवरून परत चौथी-सातवीला आणायचं ठरलं आणि आमच्या नाशिकरोडच्या सोसायटीच्या ग्रुपला, माहेरच्या ग्रुपला आणि गिरणीत दळण घेऊन उभ्या असलेल्या समस्त आयांना एक विषय मिळाला. २०१६-१७ ला ती चौथीवरून पाचवीला नेली होती तेव्हाही हाच वाद झालेला, फक्त बोलणारे वेगळे होते. एक गट म्हणतो चौथीतच चाळणी लागलेली बरी, हुशार मुलं लवकर कळली की त्यांच्यावर मेहनत घेता येते, त्यांची वेगळी तुकडी करा. दुसरा गट म्हणतो नऊ वर्षाच्या लेकरांना कसल्या चाळण्या लावताय, सगळ्यांना सारखं शिकवा, जो हुशार असेल तो कुठेही चमकेलच. मी दोन्हीकडचे मेसेज वाचते आणि मला एवढंच वाटतं की बाबांनो, परीक्षा चौथीला घ्या नाहीतर पाचवीला घ्या, पण त्या पोराच्या वर्गात मंगळवारी सव्वाअकराच्या गणिताच्या तासाला नक्की काय चाललंय हे कोणी विचारणार आहे का? वर्षातला एक दिवस, त्यात पहिला पेपर ७५ प्रश्नांचा आणि ९० मिनिटांचा, त्यावर एवढी भांडणं, आणि उरलेल्या दोनशे दिवसांबद्दल अवाक्षर नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दुसरी ते पाचवीच्या वयात जे मूल गणितात पुढे आहे त्याला वेगळी तुकडी नको, वरच्या इयत्तेचं पुस्तक नको, आणि जास्तीची ढीगभर गणितं तर अजिबातच नकोत. त्याला त्याच वर्गात, त्याच धड्यात निवड करता आली पाहिजे. धडा कुठला हे बाईच ठरवणार, वजाबाकी शिकायची का नाही हे काही पोरावर सोडायचं नाही, पण वजाबाकीतला कुठला प्रश्न घेऊन बसायचं, त्यात किती खोल जायचं, एकट्याने करायचं का जोडीने, उत्तर वहीत लिहायचं का फळ्यापाशी जाऊन सगळ्यांना सांगायचं, हे त्याने ठरवावं. आणि ही निवड वर्गातल्या प्रत्येकाला मिळावी, हुशार असा शिक्का बसलेल्या तिघांनाच नाही. शाळेत असताना आपण एखादा धडा ऑप्शनला टाकायचो ना, तसं आपण या पोरांना ऑप्शनला टाकलंय, त्यांचे मार्क काय येतातच असं म्हणून.

माझ्या भाचीचं सांगते. तिसरीत होती, शाळेचं नाव कशाला घ्यायचं, सगळीकडे हेच असतं. फळ्यावर २० वजाबाक्या, हातच्याच्या. हिच्या पाच-सात मिनिटांत झाल्या. बाईंनी शाबासकी दिली आणि अजून २० दिल्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. आठवडाभरात पोरगी शहाणी झाली, म्हणजे हळू करायला लागली, पेन्सिलला टोक काढ, खोडरबर शोध, मागच्या बाकावरच्या मैत्रिणीशी बोल, बरोबर तास संपताना विसावी वजाबाकी पूर्ण. ही पोरगी त्या आठवड्यात गणित नाही शिकली, नोकरी कशी करायची ते शिकली. बाईंचाही मला राग नाही, पंचेचाळीस पोरांच्या वर्गात एक पोर गप्प बसून काहीतरी सोडवतंय एवढ्यावरच त्यांचं भागत असणार. पण काम लवकर केलं की बक्षीस म्हणून तेच काम अजून, हे आपण कुठल्या मोठ्या माणसाला सांगून बघावं आणि मग त्याचा चेहरा बघावा.

मग निवड म्हणजे करायचं काय, तर इथे मला आमच्या शेजारचाच माणूस आठवतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा, आणि नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तरकीची. मोठी पदवी नाही, कुठल्या विद्यापीठात खुर्ची नाही, माणूस नुसता आकड्यांशी खेळत बसायचा, आणि आपल्याकडचे बरेच गणितज्ञ त्या खेळाला फुटकळ समजायचे. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर या लेखकाने आपल्या गणिती कोड्यांच्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा कुठे बाहेर नाव झालं. त्यांचा खेळ असा. कुठलीही तीन अंकी संख्या घ्या, फक्त तिन्ही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि पहिल्यातून दुसरी वजा करा, जे उत्तर येईल त्याला परत हेच करा (९९ आलं तर ०९९ धरा). समजा ८१३ घेतलं. ८३१ वजा १३८, आले ६९३. मग ९६३ वजा ३६९, आले ५९४. मग ९५४ वजा ४५९, आले ४९५. आता ४९५ ला पुढे ढकलून बघा, परत ४९५ च येतं. कुठूनही निघा, शेवटी इथेच. चार अंकी घेतलं तर ६१७४ ला, तेही जास्तीत जास्त सात पायऱ्यांत. ह्यात वजाबाकीपलीकडे काही नाही, तिसरीची हातच्याची वजाबाकी. ज्या जिल्ह्यात हा माणूस आयुष्यभर पोरांना शिकवत होता त्या जिल्ह्यातल्या तरी किती तिसरीच्या वर्गांत हा खेळ खेळला जात असेल?

मी काही शिक्षिका नाही, पण शनिवारी दुपारी आमच्या पार्किंगमध्ये दहा-बारा पोरं घेऊन बसते, अर्धी सोसायटीतली, अर्धी मागच्या वस्तीतली. वजाबाकी होती तेव्हा मी छोट्या फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या आणि म्हटलं यातली एक घ्या, कंटाळा आला तर बदला. पुस्तकातली पंधरा गणितं, पण सगळ्यात अवघड पाच आधी करायची, ती पाचही बरोबर आली तर उरलेली माफ. नाहीतर कापरेकरांचा खेळ. नाहीतर उत्तर ९९ येईल अशा वजाबाक्या स्वतः बनवायच्या, जेवढ्या वेगळ्या दिसतील तेवढं छान. ज्याला हातचा अजून नीट जमत नव्हता त्या पोरानेही कापरेकरच घेतला आणि एका तासात वहीचं पान भरून वजाबाक्या केल्या, जबरदस्तीने केल्या नसत्या एवढ्या, कारण हातचा चुकत राहिला की ४९५ वर येऊन थांबत नाही आणि मग तोच उलटा जाऊन चूक शोधतो, मला लाल पेन काढावंच लागलं नाही. आणि एक मुलगी मध्येच थांबली. म्हणाली, मधला आकडा नेहमी नऊच येतोय. मी म्हटलं का? दहा मिनिटं नखं खात बसली आणि मग म्हणाली, मधला आकडा वर-खाली तोच असतो ना, आणि त्याने शेजारच्याला हातचा दिलेला असतो, म्हणून त्याला एक कमी पडतो, म्हणून नऊ. आता ही सिद्धता आहे. बीजगणिताचं एक अक्षर न शिकलेल्या आठ वर्षाच्या पोरीने केलेली सिद्धता. ती स्कॉलरशिपच्या ७५ प्रश्नांत बसवून दाखवा.

महत्त्वाचं हे की त्या दोघांच्या हातात खेळ एकच होता. मी 'हुशारांसाठी' आणि 'बाकीच्यांसाठी' अशी दोन वर्कशीटं काढली नव्हती. पोरांना वर्कशीटचा रंग बघून लगेच कळतं आपण कुठल्या रांगेत आहोत ते, आपल्यालाही कळायचं.

यावर आक्षेप आहेत आणि ते फालतू नाहीत. पहिला म्हणजे निवड दिली की पोरं सोपं तेच घेणार. खरंय. उलट मी म्हणेन की हुशार म्हणून कौतुक झालेली पोरं तर जास्तच सोपं घेतात, कारण त्यांना चुकायची सगळ्यात जास्त भीती असते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा प्रयोग आहे, पाचवीच्या वयाची मुलं, काहींना सांगितलं तू किती हुशार आहेस, काहींना सांगितलं तू किती मेहनत केलीस. पुढचं काम निवडायची वेळ आली तेव्हा हुशार म्हटलेली मुलं जास्त करून आपण हुशार दिसू असं काम निवडायची, आणि मेहनतीचं कौतुक झालेली जास्त करून शिकायला मिळेल असं. आता यावरून निवडच देऊ नका असं निघतं का? मला तर उलट दिसतं, की जी पोरं दहा वर्षाची होईपर्यंत अवघड प्रश्न आपणहून उचलायला शिकली नाहीत ती पुढे अकरावीला पहिल्यांदा आपटतात आणि मग आई-बाप म्हणतात दहावीपर्यंत तर पहिला यायचा हो. निवडणं हेसुद्धा शिकवायला लागतं. म्हणून तर फळ्यावरच्या तीन गोष्टींवर सोपं-मध्यम-अवघड असं लिहायचं नाही, तिन्ही आपापल्या परीने धड पाहिजेत, त्यातला एकही नुसता वेळकाढू नको. आणि पोरगं तीन शनिवार सलग एकच प्रकार घेतंय असं दिसलं तर आज हे कर बाळा असं सांगायचा अधिकार बाईंनी स्वतःकडे ठेवायचा, तेवढी हुकूमशाही चालते. आणि पर्याय तीनच. वीस पर्यायांचं कार्ड दिलं तर मोठी माणसंसुद्धा हॉटेलात शेवटी मसाला डोसाच मागवतात.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि त्यांच्यापुढे मला जरा मान खाली घालूनच बोलावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एका गुरुजींसमोर दोन-तीन इयत्ता एकदम बसलेल्या, त्यात मतदार याद्या, त्यात ऑनलाइन माहिती भरा, त्यात मीटिंग, आणि शहरातली एक बाई येऊन सांगणार की प्रत्येक मुलाला निवड द्या. हसतील नाहीतर काय. पण जरा थांबून बघितलं तर निवडीची पद्धत या गुरुजींच्या जास्त कामाची आहे, सेमी-इंग्लिशच्या एका इयत्तेच्या एका वर्गापेक्षाही. ते चौथीला शिकवत असतात तेव्हा तिसरी काय करते? फळ्यावरचं उतरवून काढते. त्याऐवजी आपापलं सोडवता येईल, स्वतःचं स्वतःला तपासता येईल असं काहीतरी त्यांच्या हातात असलं तर गुरुजींची अर्धी डोकेदुखी कमी होत नाही का? साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे ते याचसाठी, फरशीवर आखलेली गणितं, खडे, काड्या, माळा, पोरं गटागटात आपापलं करतायत. त्या सरकारी शाळाच होत्या, फी भरून जायच्या नाहीत. आणि मी रोजच्या रोज म्हणतही नाही. आठवड्यातले दोन तास. बाकीचे तास तुमच्या पद्धतीने घ्या, मी कोण सांगणार.

पाया कच्चा राहील म्हणणारे आहेत, त्यांना मी पटकन मान्य करून टाकते. पाढे ऑप्शनला टाकता येत नाहीत. आमच्या आजीला पावकी-निमकी-औटकी, म्हणजे पाव, अर्धा, साडेतीन यांचे पाढे, पाठ होती आणि भाजीवालीला तिने आयुष्यात कधी पैसा जास्त दिला नसेल, तो पाठांतराचा फायदाच आहे. निवड पाढे पाठ करायचे का नाही याची नाहीच, पाठ झालेल्या पाढ्यांचं पुढे काय करायचं याची आहे.

तसं बघितलं तर लहान मुलांच्या गणितात दोन वाटा ठेवल्या की मोठी माणसं कशी वागतात याचा एक नमुना आपण २०१९ ला बघितलाय. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला वीस एक, वीस दोन अशी वाचायची रीत दिली. कारण साधं होतं, मराठीत सदुसष्ट ऐकून पोरगं ७६ लिहितं, आधी सात ऐकू येतात ना. मंगला नारळीकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जुनी रीत काढून टाकली नव्हती, दोन्ही ठेवल्या होत्या, ज्याला जी सोपी त्याने ती वापरावी. पण टीव्हीवर काय वाद झाला? मराठी बुडाली. विधानसभेत लोकांच्या आडनावांची तशी फोड करून विनोद झाले. जोडाक्षरांच्या आकड्यांत अडखळणाऱ्या पोरासाठी ठेवलेली एक जास्तीची वाट होती ती, आणि आपण ती जुन्या वाटेवरचा हल्ला म्हणून वाचली. मला वाटतं आत्ताच्या चौथी-पाचवीच्या वादातही हेच होतंय. आपल्याला एकच वाट पाहिजे असते, मग ती कुठली यावर आपण जिवाच्या आकांताने भांडतो.

आता सगळ्यात जड आक्षेप, आणि तो समतेच्या बाजूचा आहे, मला स्वतःला तो सगळ्यात जवळचा वाटतो म्हणून त्याला टाळून पुढे जाता येत नाही. मुलांना खरंच किती वाचता-मोजता येतं हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या असरच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. मग ज्या देशात दहातल्या सात पाचवीवाल्यांना भागाकार येत नाही तिथे पुढे गेलेल्या चार पोरांची काळजी कसली करताय? आणि ही पुढे गेलेली पोरं असतात कोणाची? ज्यांच्या घरी टेबल-खुर्ची आहे, आई बीएस्सी आहे, अबॅकसचा क्लास लावलाय त्यांची. आपल्याकडे 'प्रज्ञा' हा शब्द कुठल्या आडनावांना किती सहज चिकटतो आणि कुठल्या आडनावांना चिकटायला किती पिढ्या लागतात हे महाराष्ट्रात कोणी कोणाला सांगायला नको. हे सगळं मला मान्य आहे, एकेक शब्द मान्य आहे. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? हुशारी शोधायचं काम चाचणीवर सोपवलं की तीच मुलं सापडतात ज्यांनी त्या चाचणीची तयारी केलीये, मग ती चाचणी चौथीला असो नाहीतर पाचवीला. २०२५ च्या सुरुवातीला नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी पोरं, किलोचा भाव आणि सुट्टे पैसे असले किचकट हिशोब तोंडी करणारी, पण तेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिलं की अडणारी. आणि उलटही, शाळेत कागदावर गणितं करणारी मुलं बाजाराच्या हिशोबात अडकली. आता या भाजीच्या गाडीवरच्या पोराला स्कॉलरशिप पकडेल का? नाही पकडणार. पण वर्गात फळ्यावर तीन गोष्टी असल्या आणि त्यातली एक त्याच्या डोक्यातल्या हिशोबाशी जुळणारी असली तर त्याला हात वर करायला निदान जागा तरी आहे. माझ्या पार्किंगमध्ये ती 'मधला नेहमी नऊ' म्हणणारी मुलगी मागच्या वस्तीतली होती, हे मी मुद्दामच आत्तापर्यंत सांगितलं नव्हतं. तुम्ही कुठली धरली होती?

सगळ्यांना सारखं म्हणजे सगळ्यांना एकच, ही चूक पैसेवाल्या देशांनीही करून झालीये. सॅन फ्रान्सिस्कोत २०१४ ला समतेच्या नावाखाली आठवीतलं बीजगणित काढलं, सगळे नववीलाच शिकतील म्हणाले. झालं काय, ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांनी बाहेर क्लास लावून शिकवलं आणि ज्यांच्याकडे नव्हते ते थांबले. २०२४ ला ते परत आणायच्या बाजूने शहरातल्या मतदारांनी भरभरून मत दिलं. तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तेव्हा जी भांडणं झाली ती मी माझ्या चुलतबहिणीच्या कृपेने वाचली आहेत, आणि शपथेवर सांगते, फक्त डॉलर काढून रुपये घातले की आमच्याच सोसायटीचा ग्रुप. वर्गातलं वरचं छत काढून घेतलं की छत बाजारात विकायला येतं, आपल्याकडे त्याला फाउंडेशन कोर्स म्हणतात आणि तो आता सहावीपासून मिळतो.

म्हणजे मग तुकड्या करणाऱ्यांचं बरोबर का? अ तुकडी, ब तुकडी, आणि क-ड मधली पोरं, ज्यांना मास्तरसुद्धा हसून 'ढ' तुकडी म्हणायचे, हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. आणि अ तुकडीत बसलेल्यांनाही विचारा, तिथे शिकवायची पद्धत वेगळी होती का, का फक्त तेच गणित जरा भरभर? हुशार मुलांसाठी वेगळं काही करायचं म्हणून आप्पा पेंडशांनी १९६२ ला पुण्यात ज्ञानप्रबोधिनी सुरू केली, ते काम मोठं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यातली वेगळी बसवलेली मुलं तेवढी आपण उचलली आणि वेगळं शिकवणं तिथेच ठेवून आलो, निदान आमच्या गावातल्या स्पेशल बॅचच्या बोर्डांवरून तरी असंच दिसतं.

वर ढकलण्याबद्दलही एक कबुली देते. अगदीच दुर्मिळ मूल असेल तर त्याला थांबवू नये. आजचा नावाजलेला गणितज्ञ टेरेन्स टाव नवव्या वर्षी विद्यापीठातलं गणित शिकत होता, त्याला कोणी पाचवीच्या पुस्तकात बांधून ठेवलं असतं तर गुन्हाच झाला असता. जॉन्स हॉपकिन्समध्ये ज्युलियन स्टॅनलीने १९७१ ला सुरू केलेला अभ्यास पन्नास वर्षं अशा मुलांच्या मागे आहे आणि पुढे ढकलल्याने त्यांचं वाटोळं होतं असं त्यातून काही दिसलेलं नाही. पण आपण ज्यांना पुढे ढकलतोय ती टावसारखी मुलं आहेत का? बहुतेक वेळा ती भरभर हिशोब करणारी गोड पोरं असतात, आणि भरभर हिशोब करणं हा गणिताचा फार छोटा कोपरा आहे, तो तर मोबाइलही करतो. अशा पोराला तिसरीत असताना पाचवीची दशांशाची रीत शिकवली तर त्याला अजून एक रीत येते एवढंच. त्याच्या वाट्याला विचार करायचा प्रसंग आला का? ती नऊवाली मुलगी एका जागी दहा मिनिटं अडकून बसली, ती दहा मिनिटं कुठल्या वरच्या पुस्तकात मिळतात?

आणि निवड ही काही आता परदेशातून आलेली फॅशन नाही. पंतोजींच्या शाळेत वयावरून इयत्ता नव्हत्या, एक पोरगं धुळाक्षरं गिरवतंय आणि शेजारचं मोडी वाचतंय, जो तो आपल्या वेगाने. तिथे छडी होती, घोकंपट्टी होती आणि गावातल्या बहुतेक जातींना दार बंद होतं, त्यामुळे त्या शाळेची आरती ओवाळायची मला हौस नाही, पण एका वयाची साठ पोरं एकाच दिवशी एकाच पानावर पाहिजेत हा नियम काही सनातन नाही एवढं तरी त्यातून कळतं. मग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी मॉन्टेसरीची पद्धत नेली ती आदिवासी पाड्यांवर, महागड्या साहित्याऐवजी बिया, शिंपले, खडे, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. मुलाने आपलं काम आपण उचलायचं हे तत्त्व तिथे चाललं. तिथे चाललं ते आपल्या एसी वर्गात का चालत नाही? हंगेरीत १८९४ ला एका शाळामास्तराने शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक काढलं, दर महिन्याला प्रश्न छापायचे, ज्याला जे जमतील ते सोडवून पोस्टाने पाठवायचे, चांगलं सोडवणाऱ्यांची नावं आणि पुढे फोटोसुद्धा छापून यायचे. पुढे मोठा गणितज्ञ झालेला पॉल एर्डॉश शाळेत असताना त्यात उत्तरं पाठवायचा. ती मुलं मोठी होती, हायस्कूलची, हे खरं, पण सगळे प्रश्न सगळ्यांनी सोडवलेच पाहिजेत असं त्या मास्तराने कधी म्हटलं नाही, आणि एवढ्याशा देशातून किती गणिती निघाले ते जग बघतंय.

आमच्या पार्किंगमध्ये सध्या एक चौथीतला मुलगा आहे, त्याची आई माझ्यावर जरा नाराज आहे. त्याने ६१७४ करून झालं, दोन अंकी करून झालं, तिथे एका आकड्यावर थांबतच नाही, ९ (म्हणजे ०९), ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९ असं गोल फिरत राहतं हे त्याचं त्यालाच सापडलं आणि तो त्या दिवशी जिन्यात ओरडत गेला. आता तो पाच अंकी संख्यांच्या मागे लागलाय. तीन आठवडे झाले. वहीची मागची पानं संपली म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठी वापरतोय. पाच अंकांना ६१७४ सारखा एकच आकडा नाही, तिथे तीन वेगवेगळी चक्रं आहेत आणि संख्या कुठल्यातरी एका चक्रात जाऊन अडकते, हे मला माहितीये, त्याला नाही. त्याला अजून वाटतंय की आपलंच कुठेतरी चुकतंय. आईचा परवा मेसेज आला, ताई, स्कॉलरशिप आता चौथीलाच आहे, हे त्यात येणार नसेल तर त्याला उत्तर सांगून टाका ना एकदाचं, म्हणजे सुटेल. मी अजून रिप्लाय दिलेला नाही. शनिवारी त्याने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, दोन वेगळ्या संख्यांपासून निघालेले, आणि बराच वेळ दोन्हींवर बोट फिरवत बसला होता.